डॉलरमागचे सात सेंट

टर्लीज बेंड, मिसिसिपी
९ मार्च १९९३

चि. कॉर्डेल यास बिगमामाचा आशीर्वाद. वि. वि.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. तो तुला कितपत लागू पडतो ते पुढचं वाचून तूच ठरव.

मी बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. जानेवारीत तू नदीवर बोटीच्या नोकरीला गेलास, त्यानंतर तुझी एकच चिठ्ठी आली आणि तीत बातमी काय, तर बोटीवरचा स्वयंपाकी मीठ घालायला विसरतो. इथली बातमी त्यापेक्षा जड आहे.

गेल्या गुरुवारी तुझ्या दुकानात, म्हणजे जे आता लुवेनिया पूलचं दुकान आहे त्यात, विक्रीकर खात्याचा माणूस आला. नाव फेन्टन. लुवेनियाला वाटलं गिऱ्हाईक आहे. तिने विचारलं, मासा तिखट देऊ की साधा? त्याने टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, बाई, मी खायला आलेलो नाही. सरकारी माणसाने टोपी काढली की पुढे काय येतं ते कळण्याइतकं वय तिचंही झालं आहे.

ती तशीच एप्रन घालून माझ्या स्वयंपाकघरात आली. हाताला मक्याचं पीठ. म्हणाली, ओझेला, तुझ्या नातवाने मला नेमकं काय विकलं? मी म्हटलं, तळणीची दोन यंत्रं, एक मोठा फ्रीज, टेबलं-खुर्च्या, आणि त्याच्या नावाची ती भडक पाटी, जी तू पहिल्याच दिवशी उतरवायला हवी होतीस. ती म्हणाली, आणि त्याने थकवलेला कर. तोही विकला. फक्त त्याची किंमत सांगितली नाही.

मी तिसरीपर्यंत शिकले, तीही कापूस वेचायचा नसेल त्या महिन्यांत. म्हणून तो कागद आम्ही दोघींनी मिळून वाचला आणि मग फेन्टनला गाठून त्याच्या तोंडून ऐकला. मला समजलं ते असं. तू विकलेल्या प्रत्येक प्लेटवर डॉलरमागे सात सेंट गिऱ्हाइकाकडून घेतलेस. ते सरकारला द्यायचे होते. गेल्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून ते तू दिले नाहीस. रिटर्नही भरले नाहीस. रिटर्न आलं नाही की सरकार तुझी विक्री स्वतः अंदाजाने धरतं, आणि सरकारचा अंदाज पोटभर जेवलेल्या माणसासारखा असतो, आखूड कधीच नसतो. वर दंड. आणि जो दुकान विकत घेतो त्याच्या डोक्यावर जुन्या मालकाचा कर बसतो. घेण्याआधी खात्याकडून कर थकला नाही असा दाखला आणायचा असतो.

लुवेनियाला हे माहीत नव्हतं असं नाही. बँकेतल्या पोरीने तिला सांगितलं होतं. पण सौदा झाला कुठे, तर चर्चमध्ये, वेदीसमोर. रेव्हरंड स्ट्रोदरने तुमच्या दोघांच्या हातांवर हात ठेवून किल्ल्यांवर प्रार्थना म्हटली. तिथे उभं राहून, तू खरा आहेस याचा कागद दाखव, असं आपल्यात कोण म्हणतं? तिने म्हटलं नाही. आणि तू उभा होतास मान खाली घालून. मला वाटलं प्रार्थना करतो आहेस.

शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढून साठवलेलं सगळं तिने त्या दुकानात घातलं. कमी पडलं ते घर गहाण ठेवून आणलं. हे तुला माहीत होतं.

फेन्टन म्हणतो, मेअखेरपर्यंत तू स्वतः येऊन खरी विक्री लिहून दिलीस, सही केलीस आणि आपल्या नावावर हप्ते बांधून घेतलेस, तर खातं लुवेनियाच्या दारातून हात काढून घेईल. नाहीतर दुकानाला कुलूप. तिने सही करून चालत नाही, माझी तर नाहीच. खरा आकडा फक्त तुला ठाऊक आहे.

तेव्हा ये. मीठ असो नसो, जेवत जा.

लोभ आहे तेवढा आहे, सध्या वाढवायची घाई करू नकोस.
बिगमामा


बोटीवरून, केरो गावाच्या वर
२८ मार्च १९९३

ती. बिगमामाच्या चरणी कॉर्डेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या ऑफिसातून फिरत फिरत काल किराण्याच्या होडीबरोबर आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तरी मजकूर बदलला असेल असं वाटलं होतं.

मी चोर नाही, एवढं आधी ऐक. पहिलं वर्ष मी एक एक सेंट भरला. मग कॅटफिश मासा कापणाऱ्या कारखान्याने रात्रपाळी बंद केली. तुला आठवतं, शुक्रवारी पगार झाला की माझ्या दारापासून पोस्टापर्यंत रांग असायची. ती रांगच गेली. लोक यायचे, पण म्हणायचे, कॉर्डेल, लिहून ठेव. कामावर असलेल्यांना पगार हवा. मासेवाला तर रोख हातात पडल्याशिवाय ट्रकचं मागचं दार उघडत नव्हता. ते सात सेंट वेगळ्या डब्यात नव्हते, बिगमामा. एकाच गल्ल्यात होते. त्यांच्यावर सरकारचं नाव लिहिलेलं नसतं. मी म्हणायचो, या आठवड्यात उचलतो, पुढच्या महिन्यात परत ठेवतो. तो पुढचा महिना आलाच नाही. खात्याची पाकिटं यायला लागली ती मी उघडली नाहीत. उघडून काय दिसणार ते माहीत होतं.

मिस लुवेनियाने दिलेल्या पैशांतून मी सगळ्यांचे पगार चुकते केले, मासेवाल्याचे दिले. आणि तुझे दात केले. तुला सांगितलं होतं की बोटीच्या कंपनीने आगाऊ रक्कम दिली म्हणून. ते खरं नव्हतं. हे मिस लुवेनियाला सांगू नकोस.

मला इथे सगळे सांगतात की विक्रीकर खाल्ला तर सरळ तुरुंगात टाकतात, कारण तो लोकांचा पैसा असतो. इंजिनवाल्याचा मेव्हणा आत जाऊन आला आहे म्हणे. मी घाबरलो आहे हे तुझ्यापासून काय लपवायचं.

तरी मिस लुवेनियाच्या हाताला चव आहे. माझ्यापेक्षा तिचं दुकान चांगलं चाललं आहे असं ऐकतो. एका उन्हाळ्यात ती एवढं सहज काढेल असं मला वाटतं. माझी सुट्टी मेच्या मध्यावर आहे. तेव्हा येतो, नक्की.

स्वयंपाकी बदलला. नवा मीठ दोनदा घालतो.

माझ्यावरचा राग एका जागी ठेव आणि लोभ दुसऱ्या, एकात एक मिसळू देऊ नकोस.
तुझा कॉर्डेल


टर्लीज बेंड
११ एप्रिल १९९३

चि. कॉर्डेल यास आशीर्वाद, पूर्वीइतकाच. वि. वि.

तुझं पत्र मी लुवेनियाला वाचून दाखवलं. सगळं. तिला सांगू नकोस असं जिथे लिहिलं होतंस तेही. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, दात छान बसलेत हो. मी तिथल्या तिथे काढून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, घेऊन जा. ती म्हणाली, माझे मला आहेत, तुझे घेऊन करू काय? मग आम्ही दोघी हसलो. नंतर ती रडली आणि मी दात परत घातले, कारण रडणाऱ्या बाईशी बोळक्या तोंडाने बोलता येत नाही.

आता तुझ्या शहाणपणाबद्दल. एका उन्हाळ्यात ती सहज काढेल म्हणतोस. तुला जे दोन वर्षांत जमलं नाही ते साठी उलटलेल्या बाईने उन्हाळ्यात काढायचं, तेही तुझ्यासाठी. हे लिहिताना तुझा हात थांबला नाही? तिच्याकडे ते सात सेंट वेगळ्या बरणीत असतात. शाळेतल्या सवयीने ती दर महिन्याला रिटर्न भरते. तिचा स्वतःचा एक सेंटही थकलेला नाही. कुलूप लागणार आहे ते तुझ्यासाठी.

आणि पाकीट उघडलं नाही की आतलं जिरून जातं हे तू कुठे शिकलास? माझ्या घरात तर नाही.

मी काय केलं तेही ऐक. बँकेत गेले. म्हटलं, माझं घर आणि मागची जमीन गहाण घ्या. तिथल्या पोराने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, मॅम, ही जमीन तुमच्या एकटीच्या नावावर नाही. माझ्या आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे तिच्यात डेट्रॉइट आणि शिकागोतल्या सगळ्या चुलत भावंडांचा वाटा, जी इकडे फक्त मयताला येतात आणि जाताना हॅम घेऊन जातात. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत माझंच मयत होईल. म्हणजे मी इथे मरेपर्यंत राहू शकते, पण तिच्यावर एक डॉलर उचलू शकत नाही.

चर्चमध्ये बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, लुवेनियासाठी जेवणाच्या प्लेटा विकून पैसे जमवू. चर्चचा कारभार बघणारे डीकन मॉब्ली उठले. म्हणाले, आपण प्लेटा विकतो त्या मयताला, आगीला आणि आजारपणाला. कराला कधी विकल्या नाहीत. आज विकल्या तर उद्या अर्धं गाव रांगेत. मी म्हटलं, डीकन, तुमच्या घराला आग लागली तेव्हा ती तुमच्याच सिगारमुळे लागली होती, आम्ही विचारलं नव्हतं. ते खाली बसले. मग प्लेटा विकल्या. बरे पैसे जमले, पण खात्याच्या अंदाजासमोर ते म्हणजे हत्तीच्या पाठीवर रुमाल. फेन्टनही आला होता. एक प्लेट घेतली, पैसे दिले, आणि जाताना रेव्हरंडला हळूच सांगितलं की पुढच्या वेळी अशा विक्रीवरही कर लागतो का ते विचारून घ्या. तो माणूस वाईट नाही. त्याला फक्त दुसरं काही सुचत नाही.

तुरुंगाचं मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, जो येऊन सही करतो आणि हप्ते देतो त्याला आम्ही आत कशाला घालू? आत बसलेला माणूस हप्ते देत नाही. तेव्हा इंजिनवाल्याचा मेव्हणा त्याच्यापाशी ठेव.

मेच्या सतराला तुझी बोट धक्क्यावर किराणा घ्यायला थांबते असं ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली. चर्चची गाडी घेऊन मी तिथे असेन. तिथून सरळ फेन्टनकडे.

लोभ आहे. पण त्याला मुदत घातली आहे, मेअखेरची.
बिगमामा


बोटीवरून, बॅटन रूजच्या खाली
२० मे १९९३

ती. बिगमामा, सा. न. वि. वि.

काय लिहू ते कळत नाही.

सतराला पहाटेपासून बॅग भरून ठेवली होती. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. वळणावर आलो तेव्हा आधी गावाची पाण्याची टाकी दिसली, मग धक्का, मग चर्चची पांढरी गाडी. मी दोर हातात घेऊन पुढे उभा होतो. कॅप्टन म्हणाला, जा, तुझी माणसं आलीत. मी म्हटलं, माझी नाहीत. एका खेपेचे जास्त पैसे मिळणार असतील तर मी बोटीवरच राहतो. त्याने खांदे उडवले. तुम्हाला मी दिसू नये म्हणून मी मालाच्या बार्जच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो.

गाडीजवळ तुझ्या शेजारी कोण उभं होतं ते मी लांबून ओळखलं. तू एकटी असतीस तर उतरलो असतो.

दोनशे डॉलरची मनीऑर्डर सोबत आहे. तिला दे. माझ्याकडून म्हणून सांगू नकोस.

लोभाचं मागायला तोंड नाही, पण मागतो.
कॉर्डेल


टर्लीज बेंड
६ जून १९९३

चि. कॉर्डेल यास,

वि. वि.

त्या दिवशी आम्ही धक्क्यावर बोट वळणापलीकडे जाईपर्यंत उभ्या होतो. तू लांबून ओळखलंस तिला, बरं झालं. तिच्या हातात काय होतं ते लांबून दिसलं नसेल. डबा होता, त्यात फॉइलमध्ये बांधलेला मासा, पांढरा ब्रेड आणि कोबीची कोशिंबीर. ती म्हणाली होती, पोरगं महिनोन् महिने अळणी खातंय, फेन्टनकडे उपाशीपोटी नको न्यायला. परत येताना तिने तो डबा मांडीवर धरला होता. घरी आल्यावर ती म्हणाली, तू खाऊन टाक. मी खाल्ला नाही, तिनेही खाल्ला नाही. शेवटी शेजारच्या कुत्र्याने खाल्ला.

मेअखेर संपल्यावर कुलूप लागलं. फेन्टन दुपारी आला, म्हणाला, मिस पूल, आधी तळणी बंद करा, तेल गरम आहे, कुणाला भाजायला नको. तिने तळणी बंद केली. टेबलावर एक गिऱ्हाईक अर्ध्या प्लेटवर होतं, त्याला त्याने संपवू दिलं. मग तिने फ्रीजमधला मासा रस्त्यावरून जाईल त्याला वाटून टाकला, कारण वीज तुटल्यावर तो कुजला असता. लोकांनी घेतला. काहींनी विचारलं, उद्या किती वाजता उघडणार?

ती ओरडली नाही. मी ओरडले. फेन्टनला, रेव्हरंडला, त्या कुलपालाही. कुणाचं काही बिघडलं नाही.

तुझी मनीऑर्डर मी तिला दिली आणि कुणाकडून आली तेही सांगितलं. तिने ती फेन्टनच्या हातात ठेवली आणि पावती घेतली. पावती तुझ्या नावाने घेतली.

मी आता पत्र लिहायला बसणार नाही काही दिवस. हात दुखतो.

बिगमामा


मेम्फिस
१९ सप्टेंबर १९९३

ती. बिगमामाच्या चरणी सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. ऑफिसातली बाई म्हणते तू फोनवर बरी वाटतेस, म्हणजे तू तिच्याशी बोलतेस. ठीक आहे.

तुला सांगायचं म्हणजे मी केलं. इथल्या बंदरात बोट दुरुस्तीला थांबली होती. मी खात्याला फोन लावला, कोरे रिटर्न मागवले, बसून एक एक महिना आठवून भरला. मासेवाल्याला लिहून त्याची बिलं मागवली, तो अजून मला ओळखतो. सही केली, नोटरीकडून शिक्का मारून घेतला, पाठवून दिले. पगारातून दर महिन्याला कापून घ्या असंही लिहून दिलं. खरा आकडा निघाला तो त्यांच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी आहे, बिगमामा. निम्म्याहून कमी. एवढ्याला मी वर्षभर तोंड लपवून बसलो होतो.

फोनवरच्या बाईने मला दरडावलंही नाही. तिने फक्त नावाचं स्पेलिंग विचारलं.

आता मिस लुवेनियाचं कुलूप निघेल ना? तिला सांग, पाटीवरचं माझं नाव मी येऊन स्वतः खरवडून काढीन. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सुट्टी आहे. येऊ का? माझी खोली तशीच आहे का? ती अजून रागावली आहे का, तेवढं लिही, म्हणजे काय बोलायचं त्याची तयारी करता येईल.

उत्तराचा आणि लोभाचा भुकेला,
कॉर्डेल


टर्लीज बेंड
७ नोव्हेंबर १९९३

चि. कॉर्डेल यास बिगमामाचा आशीर्वाद. वि. वि.

तुझे रिटर्न पोचले. फेन्टन मुद्दाम गाडी घेऊन सांगायला आला. माझ्या पायरीवर उभा राहून म्हणाला, आकडा उतरला, सगळं आता कॉर्डेल ब्रिगन्सच्या एकट्याच्या नावावर आहे, मिस पूलकडे खात्याचं काही येणं नाही. मी म्हटलं, साहेब, मिस पूलकडे आता कुणाचंच काही येणं नाही, कारण तिच्याकडे काहीच नाही. त्याने टोपी काढली. या खेपेला घालायला विसरून तशीच हातात घेऊन गेला.

तुला कुणी कळवलं नसेल तर मी कळवते. तळणीची यंत्रं आणि फ्रीज ऑगस्टमध्ये लिलावात गेले. ग्रीनव्हिलच्या कुणी घेतले, किमतीचं नाव काढू नकोस. दुकान बंद म्हणजे बँकेचा हप्ता बंद, तेव्हा ऑक्टोबरात बँकेने घर घेतलं. तिने नवऱ्याने लावलेलं अक्रोडाचं झाड तेवढं जाताना एकदा पाहिलं, दुसरं काही केलं नाही. पाटी खरवडायला यायची गरज नाही, तीही लिलावात गेली. पत्रा चांगला होता.

लुवेनिया परत शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आहे. स्वयंपाकाला नाही, ती जागा भरली. ताटं धुवायला. जिला तिने बिस्किटं करायला शिकवलं ती पोरगी आता तिची वरिष्ठ आहे आणि तिला मॅम म्हणते. त्यामुळे लुवेनियाला जास्त त्रास होतो.

तू सही केलीस ते बरं केलंस. मी त्याला वाईट म्हणणार नाही. मेमध्ये केली असतीस तर ती आज मासा तळत असती. हे मी तुला लागावं म्हणून लिहीत नाही. झालं ते झालं तसं लिहिते. हप्ते चुकवू नकोस. ते तुझ्या नावावर आहेत, पण दर महिन्याची पावती ती मागून घेते आणि बघते.

ती रागावली आहे का विचारतोस. मला माहीत नाही. तिने तुझं नाव घेतलेलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. तयारी करून यावी असं बोलणं माझ्याकडे नाही, तुझ्याकडेही नसेल.

खोलीचं विचारतोस. खोली तशी नाही. तुझे बूट आणि तो रेडिओ मी खोक्यात घालून पडवीत ठेवले आहेत. तुझ्या खोलीत लुवेनिया राहते, बँकेने किल्ली घेतली त्या दिवसापासून. मी तिला विचारलं नव्हतं, तिची पेटी उचलून आणली होती. तू आलास तर पडवीत खाट टाकीन, थंडी असेल, पांघरूण आहे.

थँक्सगिव्हिंगला ये. टर्की मी करणार, ती सोबतचं मक्याच्या ब्रेडचं ड्रेसिंग करणार. पानं तीन मांडेन. माझा लोभ कमी झालेला नाही. तिचाही असावा असं वाटत असेल तर ते पत्रात लिहून भागायचं नाही. येऊन दार वाजव. माझे गुडघे आता लवकर उठू देत नाहीत, म्हणून हल्ली दार तीच उघडते.

बिगमामा